'राष्ट्रीय साहित्य' या विषयावर दिवाळी अंकासाठी लिहायचंय? मग जुना अंक मागच्या पानापासून वाचा

पाऊस सुरू झाला की आमच्या अंकाकडे एका ठराविक विषयावरचे लेख यायला लागतात. 'आपलं राष्ट्रीय साहित्य कुठे आहे?', 'भारतीय साहित्य : एक शोध', 'मराठीचा राष्ट्रीय आवाज'. मी नाशिकच्या एका छोट्या दिवाळी अंकाचं मुद्रितशोधन करते, आणि आलेल्या लेखांची पहिली चाळणीही माझ्याच हातची असते. हे लेख बहुतेक वेळा साभार परत जातात. भाषा बरी असते, तळमळही खरी असते. पण लेखात एकही मासिक नसतं, एकही अंक नसतो. ज्ञानेश्वर, मग टागोर, मग एकदम आजची मोबाईलवाली पिढी! मधली शंभर-दीडशे वर्षं गायब. आणि ज्याला आपण राष्ट्रीय साहित्याचा शोध म्हणतो तो झाला नेमका त्याच वर्षांत, महिन्याच्या महिन्याला, वर्गणीदारांच्या पैशावर.

म्हणून हा लेख. विषय वाईट नाही, फक्त त्याला हात घालायची जागा वेगळी आहे.

एकच मासिक घ्या

आधी हे ठरवा की तुमचं राष्ट्र महाराष्ट्र आहे की भारत. जुनी मासिकं दोन्ही अर्थांनी बोलतात, कधी एकाच लेखात. तुम्ही मात्र एकाच लेखात दोन्हीकडे धावू नका.

मग मासिक निवडा. सर्वसाधारणपणे लोक 'निबंधमाले'कडे धावतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जानेवारी १८७४ मध्ये सुरू केलेली, आणि बहुतांशी एकट्याने लिहिलेली ही माला. स्वदेश, स्वभाषा यांचा अभिमान इथे ठासून भरलेला आहे, आणि 'आमच्या देशाची स्थिति' हा तिच्यातला निबंध इंग्रज सरकारला पुढे इतका बोचला की त्यावर बंदी आली. पण पहिल्याच लेखासाठी मी 'निबंधमाला' सुचवणार नाही. एकटा माणूस बोलत असतो तिथे राष्ट्र मोठ्याने ऐकू येतं, पण वाचक दिसत नाही. तुम्हाला वाचक दिसायला हवा.

त्यापेक्षा 'विविधज्ञानविस्तार' घ्या. १८६७ मध्ये निघालेलं, रामचंद्र भिकाजी गुंजीकर त्याचे संपादक. शिवकाळावरची त्यांची 'मोचनगड' ही कादंबरी याच मासिकातून वाचकांपुढे आली. किंवा हरिभाऊ आपट्यांचं १८९० चं 'करमणूक' घ्या. ते साप्ताहिक होतं, पण आपल्या कामाला चालतं. 'पण लक्षांत कोण घेतो' तिथेच क्रमशः छापून आली. इतिहासाची ओढ असेल तर १८७८ चं 'काव्येतिहाससंग्रह'. का. ना. साने, ज. बा. मोडक आणि शाळिग्राम या मंडळींनी जुन्या बखरी आणि कविता त्यातून छापून काढल्या. नवं राष्ट्रीय साहित्य लिहा असं सांगण्याऐवजी हे लोक जुनंच शोधत फिरले. आणि आपल्या उत्तर महाराष्ट्राचा अभिमान मिरवायचाच असेल तर जळगावहून नारायण नरसिंह फडणीस चालवत होते ती 'काव्यरत्नावली' आहे, १८८७ पासून, केवळ कवितेला वाहिलेली. पुण्या-मुंबईबाहेरही कवितेचं मासिक चालतं हे त्यांनी दाखवून दिलं. दुर्दैवाने आमच्याकडे येणाऱ्या लेखांत तिचं नाव कधी दिसत नाही.

नवख्या माणसाला माझी शिफारस 'मनोरंजन'. काशिनाथ रघुनाथ आजगावकरांनी ते १८९५ मध्ये काढलं. बंगाली स्नेह्यावरच्या प्रेमापोटी या गृहस्थाने 'मित्र' हे त्याचं आडनाव लावून घेतलं, आणि का. र. मित्र म्हणूनच तो ओळखला गेला. बंगाली कथा-कादंबऱ्यांना मराठी दार उघडून देण्यात त्याचा वाटा मोठा. शिवाय १९०९ चा दिवाळी अंकही त्याचाच, ज्याच्यापासून आपण सगळे आजवर फराळाबरोबर अंक मागतो. 'भारतीय साहित्य' ही गोष्ट मराठी घरात कोणत्या वाटेने आली हे पाहायचं तर इथे बघा. एखाद्या घोषणापत्राने ती आली नाही, भाषांतरित गोष्टीने आली.

सावानात

सार्वजनिक वाचनालय नाशिक, म्हणजे आपलं सावाना, १८४० चं. योगायोग असा की बाळशास्त्री जांभेकरांचं 'दिग्दर्शन', मराठीतलं पहिलं मासिक, तेही १८४० चंच. टिळक पथावरच्या या वास्तूत नाटकाला आणि व्याख्यानाला जाणारे पुष्कळ आहेत. जुनी फाइल मागणारे कमी.

जाण्याआधी विचारून घ्या की तुमच्या मासिकाचे कोणते बांधीव खंड शाबूत आहेत आणि बघायला मिळतील. हातात नुसतं 'मला जुनी मासिकं पाहायचीत' घेऊन गेलात तर कर्मचारी बिचारा काय काढून देणार? नाव, वर्ष, शक्य असेल तर महिना सांगा. त्यासाठी दाते, काळे आणि बर्वे यांची 'मराठी नियतकालिकांची सूची' आहे, १८०० ते १९५० या काळाची. कोणतं नियतकालिक कुठे निघालं, कोणी काढलं, हे तिच्यात सापडतं. रा. के. लेल्यांचा मराठी वृत्तपत्रांचा इतिहासही जवळ असू द्या. एखादा खंड इथे नसेल तर पुण्या-मुंबईच्या ग्रंथालयांत विचारा, आणि इंटरनेट अर्काइव्हवरही शोधा. मात्र तिथे शोधताना नावाची दोन-तीन स्पेलिंगं करून पाहावी लागतात.

पेन घरी ठेवा, पेन्सिल न्या. पानं उलटताना कोपऱ्याला थुंकी लावायची सवय असेल तर ती जिन्यातच सोडा. शंभर वर्षांचा कागद बोटात तुटतो. फोटोला परवानगी आहे का ते विचारा, नसेल तर उतरवून घ्या. उतरवून घेण्याचा एक फायदा असा की हात दुखायला लागला की कोणता उतारा खरोखर लागणार आहे ते आपोआप कळतं.

आणि प्रत्येक टिपणावर तिथल्या तिथे लिहा : पुस्तक (म्हणजे वर्ष) कितवं, अंक कितवा, महिना, पान. 'नंतर बघू' म्हणणाऱ्यांचे लेख माझ्या टेबलावर आडवे होतात.

मागून पुढे

आता मुख्य गोष्ट. अंक हातात आला की पहिल्या पानावरचं संपादकीय वाचू नका. ते शेवटी वाचा.

शेवटच्या पानापासून सुरू करा. वर्गणी किती आहे? आगाऊ भरली तर किती, मागाहून किती? टपालहशील कोणाच्या माथी? जाहिराती कसल्या? औषधं, पुस्तकं, शिकवण्या, शाई, की काहीच नाही? मासिक कोणाच्या घरात जात होतं हे जाहिरातदाराला संपादकापेक्षा जास्त ठाऊक असतं. त्यानंतर पोच. कोणत्या गावाहून कोणती पुस्तकं अभिप्रायाला आली, त्यांत भाषांतरं किती, स्वतंत्र किती. वर्गणीदारांना तंबी देणारी सूचना हमखास सापडेल, ती जपून उतरवा. 'राष्ट्रोन्नती'वर चार पानं लिहिणारा संपादक त्याच अंकात थकलेल्या वर्गणीसाठी हात जोडत असेल, तर तुमच्या लेखाचा सांगाडा तयार झाला.

मग क्रमशः येणारी कादंबरी. हप्ता कुठे तोडलाय ते पाहा. साप्ताहिकासाठी लिहिणाऱ्या लेखकाला पुढच्या आठवड्यापर्यंत वाचक धरून ठेवायचा असतो, ती ओढ प्रकरणाच्या शेवटी दिसते. जमलं तर हप्ता आणि पुढे निघालेलं पुस्तक शेजारी ठेवून वाचा. बदललेलं प्रत्येक वाक्य म्हणजे तुमच्यासाठी मुद्दा.

त्यानंतर कविता, मग परीक्षणं, आणि सगळ्यात शेवटी संपादकीय. एवढं वाचून झाल्यावर संपादकीयातलं 'आपण' कोण आहे ते तुम्हाला न सांगता कळलेलं असतं.

पैसा कुठून येतो ते पाहा : अमेरिकेचा दाखला

हे फक्त मराठीचं नाही. अमेरिका स्वतंत्र झाली तरी तिथले वाचक ब्रिटिश पुस्तकंच वाचत होते. १८२० मध्ये 'एडिनबरो रिव्ह्यू' या ब्रिटिश नियतकालिकात सिडनी स्मिथने उपहासाने विचारलं, जगाच्या चार कोपऱ्यांत अमेरिकन पुस्तक वाचतं कोण? बोस्टनचं 'नॉर्थ अमेरिकन रिव्ह्यू' १८१५ पासून निघतच होतं. पुढे न्यूयॉर्क, फिलाडेल्फियाची मासिकंही 'आमचं स्वतःचं साहित्य' या घोषात सामील झाली.

खरी गाठ होती ती कायद्याची. परदेशी लेखकाला अमेरिकेत कॉपीराइटचं संरक्षण १८९१ पर्यंत नव्हतंच. डिकन्सची कादंबरी एक पैसा न देता छापता येत असेल, तर प्रकाशक घरच्या नवख्या लेखकाला हजार डॉलर कशाला मोजेल? घरचा लेखक मग मासिकाकडे वळला. मासिकाला छोटा ऐवज लागतो, आणि मूळ लिखाणाला काही मासिकं रोख पैसे देत. अमेरिकन लघुकथा तिथे फोफावली यामागे हेही एक मोठं कारण आहे. एडगर अ‍ॅलन पो आयुष्यभर मासिकांच्याच कचेऱ्यांत राबला. स्वतःचं मासिक काढायचं त्याचं स्वप्न होतं, 'स्टायलस' हे नावसुद्धा ठरलं होतं. ते कधी निघालं नाही. आणि गंमत बघा : आधुनिक गुप्तहेरकथेचा आरंभ मानली जाते ती त्याची कथा १८४१ मध्ये फिलाडेल्फियाच्या 'ग्रॅहम्स मॅगझिन'मध्ये आली, आणि ती घडते पॅरिसमध्ये! राष्ट्रीय साहित्याच्या मागणीने सगळे घसा कोरडा करत असताना त्या राष्ट्राने जगाला दिलेली गोष्ट फ्रान्समधली.

तुमच्या लेखात हा दाखला वापरायचा तर एका परिच्छेदात वापरा आणि परत या. मराठीकडे फुकट डिकन्सची अडचण नव्हती. इथे प्रश्न होता वाचणारे किती आणि त्यातले पैसे देणारे किती. दोन्ही देशांची परिस्थिती सारखी असल्याचं भासवू नका.

हिंदीतला दाखला आणखी जवळचा आहे. प्रेमचंदांनी १९३० मध्ये काढलेलं 'हंस' १९३५ मध्ये भारतीय साहित्य परिषदेच्या कल्पनेला जोडलं गेलं. संपादक प्रेमचंद आणि गुजराती लेखक क. मा. मुन्शी. वेगवेगळ्या भारतीय भाषांतलं लिखाण हिंदीतून एका ठिकाणी आणायचं, अशी ती योजना. १९३६ मध्ये नागपूरला परिषदेची बैठक झाली, अध्यक्ष गांधीजी. त्याच वर्षी सरकारने 'हंस'कडे जामिनाची रक्कम मागितली, परिषदेने अंग काढून घेतलं, आणि आजारी प्रेमचंदांना ते पुन्हा स्वतःच्या खांद्यावर घ्यावं लागलं. ऑक्टोबरात ते गेले. भारतीय साहित्यावर लिहिणाऱ्याने हे एक वर्ष नीट वाचलं तरी अख्खा लेख होतो.

'आपण'मध्ये कोण नाही

इथे घाई करू नका. माझ्या मते लेखाचा निम्मा जीव या भागात आहे.

१८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली. आपली साहित्य संमेलनं स्वतःची सुरुवात तिथून मोजतात. १८८५ मध्ये पुन्हा सभा ठरली, तेव्हा जोतीराव फुल्यांना निमंत्रण गेलं. त्यांनी नकार कळवला. ज्यांच्या ग्रंथांत आणि वागण्यात आमच्या माणूसपणाच्या हक्कांना जागा नाही, त्यांच्यात मिसळून आम्हाला काय मिळणार, असा त्या पत्राचा रोख आहे, आणि अशा ग्रंथकारांसाठी त्यांनी वापरलेला 'घालमोड्या दादा' हा शब्दप्रयोग तिथलाच. ते पत्र छापलं कोणी? 'ज्ञानोदय'ने. मिशनऱ्यांचं नियतकालिक, १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेलं.

त्याच 'ज्ञानोदय'मध्ये १८५५ साली मुक्ता साळवेचा निबंध दोन हप्त्यांत आला होता. फुल्यांच्या शाळेतली चौदा-एक वर्षांची मुलगी, मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिते. 'निबंधमाला' सुरू व्हायला तेव्हा अजून एकोणीस वर्षं होती. आणि 'निबंधमाला' सुरू झाल्यावर तिने फुल्यांच्या भाषेची, व्याकरणाची टर उडवली.

आता या तीन गोष्टी शेजारी ठेवा आणि मग 'राष्ट्रीय साहित्याचे आद्य प्रवर्तक' वगैरे लिहायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. मी चिपळूणकरांना मोडीत काढा म्हणत नाही. त्यांचं गद्य अजून कडक आहे, आणि मुद्रितशोधक म्हणून त्यांच्या वाक्यांपुढे मी मान झुकवते. पण त्यांनी ज्याला हसून बाजूला केलं ते लिखाण आज देशभर वाचलं जातं, हे वाक्य तुमच्या लेखात कुठेतरी असायलाच हवं.

पुढच्या काळातही हेच बघा. 'सत्यकथा' मासिकाने मराठी नवकथा आणि नवकविता घडवली, आणि त्याच्याच दारात थांबून राहावं लागलेल्यांनी 'शब्द', 'असो', 'वाचा' अशी अनियतकालिकं, म्हणजे जमेल तेव्हा निघणारे छोटे अंक, काढली. औरंगाबादेत गंगाधर पानतावण्यांच्या 'अस्मितादर्श' या नियतकालिकाने दलित लेखकांना हक्काचं पान दिलं. मराठीतलं हे लिखाण पुढे इतर भारतीय भाषांत गेलं, तिथल्या लेखकांना बळ देऊन गेलं. राष्ट्रीय व्हायचं असं ठरवून त्यातलं काही लिहिलेलं नव्हतं. आपल्या विहितगावचे बाबूराव बागूल याच प्रवाहातले. त्यांच्यावर वेगळा लेख लिहा, इथे एका ओळीत उरकू नका.

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला चौऱ्याण्णवावं साहित्य संमेलन झालं, जयंत नारळीकर अध्यक्ष. त्याच दिवसांत शहरात, या संमेलनाला पर्याय म्हणून भरणाऱ्या विद्रोही संमेलनाचाही मांडव होता. दोन्हीकडे गेलेला एखादा माणूस गाठून त्याच्याशी बोला. १८८५ समजायला मदत होईल.

नाशिक आणायचं तर

गोदावरीवर चार ओळी, ब्रह्मगिरीवर दोन, रामकुंडावर एक, आणि मग 'या पवित्र भूमीने...' अशी सुरुवात मी डोळे झाकून कापते. अमेरिकन कवी लाँगफेलोच्या 'कॅव्हना' या १८४९ च्या छोट्या कादंबरीत एक हॅथवे नावाचे गृहस्थ येतात. त्यांना 'नायगारा' नावाचं मासिक काढायचंय आणि आपल्या डोंगर-नद्यांना साजेसं विशाल राष्ट्रीय साहित्य घडवायचंय. ऐकणारा शाळामास्तर त्यांना सांगतो की मोठ्या डोंगराजवळ राहिला म्हणून माणूस मोठा कवी होत नाही. मी हा प्रसंग आमच्याकडच्या लेखकांना फोनवर ऐकवते. काही हसतात, काही फोन ठेवतात.

नाशिक आणा, पण माणसाच्या रूपाने आणा. जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आधी 'संजीवनी' साप्ताहिकातून हप्त्याहप्त्याने आली. शाळेत न गेलेल्या बाईने सांगितलेल्या घरगुती आठवणी. सोवळं, धर्मांतर, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, पैशांची चणचण. राष्ट्र वगैरे काही नाही. आणि मराठीतून देशाला काय द्याल असं विचारलं तर मी पहिल्यांदा तेच पुस्तक पुढे करीन. शहरात आणखी सामग्री पाहिजे तर 'गांवकरी' दैनिकाच्या घराण्यातलं 'अमृत' मासिक पाहा. गावोगावच्या मध्यमवर्गीय घरांत देश-विदेशाचं वाचन नाशिकहून कसं पोचत होतं, यावर फारसं कोणी लिहिलेलं नाही.

लिहिताना

शके सनात बदलताना सरसकट ७८ मिळवू नका. शक चैत्रात बदलतो, इंग्रजी वर्ष जानेवारीत. पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या अंकाला ७९ मिळवावे लागतात. जानेवारी १८७४ म्हणजे शके १७९५. ७८ मिळवले तर 'निबंधमाला' एक वर्ष आधीच जन्माला येते. दरवर्षी एक तरी लेखक तिला असं आधी जन्माला घालतोच.

अवतरणातलं शुद्धलेखन सुधारू नका. आजचे नियम १९६२ नंतरचे. त्याआधीचे 'नाहीं', 'त्यांत', 'करणें' हे अनुस्वारांसकट तसेच ठेवा, आणि प्रुफं आली की तुमच्या अवतरणांवर 'मूळबरहुकूम' असं लिहा, नाहीतर माझ्यासारखीच कोणी तरी ते टिंब उडवील.

लेख अठराशे ते बावीसशे शब्दांचा ठेवा. त्यात अवतरणं तीन, फार तर चार. शीर्षकात 'शोध', 'वेध', 'मागोवा' नको. या तिन्ही नावांचे लेख आमच्या अनुक्रमणिकेत आधीच असतात. युनिकोडमध्ये टाइप करा, पीडीएफ पाठवू नका. आणि जूनमध्येच संपादकाशी बोलून घ्या, कारण ऑगस्टनंतर बहुतेक अंकांची पानं लागलेली असतात. बोलताना मानधनाचंही विचारा, लाजू नका. काही अंक देतात, काही एक प्रत आणि आभाराचं पत्र देतात. ते लेख पाठवण्याआधी कळलेलं बरं.